नऊ लाख शेअर आणि सातशे शेअर

माझा भाचा दापोली तालुक्यात आंब्याची बाग सांभाळतो. २०२४ च्या जूनमध्ये वाशीच्या दलालाकडून हंगामाची शेवटची पट्टी आली. खतवाल्याचे आणि गड्यांचे पैसे चुकते केल्यावर त्याच्या हातात अडीच लाख रुपये उरले. त्यातले जवळजवळ एक लाख चौसष्ट हजार त्यानं एका रात्रीत आणि पुढच्या सकाळी मिळून एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातले. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे घरातले असे हिशेब शेवटी माझ्याकडेच येतात. हे प्रकरण त्याच्या संमतीनं लिहितो आहे. कंपनीचं, फंडाचं आणि ब्रोकरचं नाव देत नाही. कायद्यानं बघितलं तर यात कुणीच काही वावगं केलेलं नाही.

कंपनी रसायनं बनवणारी, बाजाराच्या मानानं लहान, बाजारात सहा कोटी शेअर असलेली. रोजची उलाढाल लाख-सव्वा लाख शेअरची. जूनअखेरच्या त्या मंगळवारी सकाळपासून भाव आदल्या दिवसाच्या २०८ रुपयांवरून हळूहळू उतरत गेला. साडेअकराच्या सुमारास २०५ च्या आसपास काही मिनिटांत प्रचंड उलाढाल झाली. दुपारनंतर भाव परत वर सरकला आणि दिवस २१२ ला बंद झाला.

संध्याकाळी सातच्या सुमारास भाच्याच्या व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) बल्क डीलच्या, म्हणजे दिवसभरातल्या मोठ्या व्यवहारांच्या, यादीतली एक ओळ कापून घेतलेली, लाल चौकटीत: अमुक म्युच्युअल फंडाची स्मॉलकॅप (लहान कंपन्यांची) योजना, खरेदी, ९,००,००० शेअर, सरासरी भाव २०५.४० रुपये. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मोठे मासे शिरले.'

बाहेर पाऊस कोसळत होता. आमच्याकडे जूनच्या पावसात लाइट गेली की मोबाइलचा टॉवरही थोड्या वेळानं मान टाकतो. सकाळी रेंज असेल-नसेल म्हणून भाच्यानं रात्रीच ४०० शेअरची ऑर्डर टाकून ठेवली, आणि ती मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावानं. मला फोन केला तो ऑर्डर टाकून झाल्यावर. "मामा, २१२ ला बंद आहे, फंडाला २०५ ला मिळालाय. सात रुपयांचाच फरक आहे."

तो फरक सात रुपयांचा नव्हता.

रात्रीच्या ऑर्डरचं सकाळी काय झालं

रात्री टाकलेली ऑर्डर रात्री बाजारात जात नाही, ती ब्रोकरच्या संगणकात पडून राहते. भाच्याच्या ब्रोकरकडून अशा ऑर्डरी सकाळी नऊला एक्स्चेंजकडे रवाना होतात. नऊ ते सव्वानऊ हे प्री-ओपन सत्र. त्यात पहिली सात-आठ मिनिटं नुसत्या ऑर्डरी गोळा होतात. त्या नेमक्या कुठल्या क्षणी बंद होणार हे मुद्दाम अनिश्चित ठेवलेलं असतं, म्हणजे शेवटच्या सेकंदाला कुणी खेळ करू नये. मग सगळ्या ऑर्डरी एकत्र मांडून संगणक असा एकच भाव काढतो की ज्याला जास्तीत जास्त शेअरची देवघेव होईल. त्या सत्रात जुळलेल्या सगळ्या ऑर्डरींना तोच भाव लागतो.

लाल चौकटीतली ओळ एकट्या भाच्यानं पाहिली नव्हती. ती देशभर फिरली होती, आणि बल्क डीलची यादी तर दररोज बाजार बंद झाल्यावर एक्स्चेंज स्वतःच जाहीर करतं, कुणालाही फुकट बघता येते. त्या रात्री ज्यांनी ज्यांनी घेण्याच्या ऑर्डरी टाकल्या, त्यातले बरेचजण भाच्यासारखेच 'मिळेल त्या भावानं' म्हणणारे असणार. विकणारे मात्र शहाणे होते, त्यांनी भाव वर लावून ठेवले. प्री-ओपनमध्ये निघालेला भाव होता २३१ रुपये. भाच्याचे ४०० शेअर २३१ ला झाले. नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती, बाजार अजून उघडायचा होता, आणि मंगळवारच्या बंद भावापेक्षा १९ रुपये जास्त देऊन झाले होते.

आता इथं थांबायला हवं होतं. पण सव्वानऊला बाजार उघडला आणि भाव २३४ वर गेला. भाच्याला वाटलं, गाडी सुटली. नेमकी त्या दिवशी रेंजही चांगली होती. (नसती तर बरं झालं असतं, असं त्याची आई, म्हणजे माझी बहीण, अजून म्हणते.) त्यानं आणखी ३०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली. तेव्हा स्क्रीनवर भाव दिसत होता २३४.८०. काँट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकरच्या पावतीत, मात्र चार ओळी आल्या: ६० शेअर २३६.१० ला, ८५ शेअर २३६.९० ला, ४० शेअर २३७.५० ला आणि ११५ शेअर २३९ ला.

"ब्रोकरनं फसवलं," असं तो मला म्हणाला. मी ती नोट दोनदा वाचली. फसवणूक नव्हती.

हर्णेच्या बंदरात लिलावाला गेलेल्याला हे पटकन समजेल. स्क्रीनवरचा भाव म्हणजे शेवटची टोपली ज्या भावाला गेली तो. ती टोपली गेली, तो भाव तिच्याबरोबर गेला. पुढच्या टोपलीवर बसलेली बाई तिचा भाव सांगणार, तिच्या मागची तिचा. एक्स्चेंजच्या संगणकात विकणाऱ्यांची अशीच रांग असते. सगळ्यात स्वस्त देणारा पुढे, आणि एकाच भावाला दोघे असले तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. मार्केट ऑर्डर रांगेतला पहिला माल उचलते, पुरला नाही तर दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, ३०० चा आकडा भरेपर्यंत. त्यातच त्या जूनपासून एनएसईवर २५० रुपयांच्या आतल्या शेअरना पाच पैशांऐवजी एका पैशाच्या पायरीनं भाव लावता येऊ लागले होते. पायऱ्या बारीक झाल्या की प्रत्येक पायरीवरचा मालही पातळ होतो. बाजार उघडल्या-उघडल्या तर तो आणखीच पातळ असतो.

हर्णेला 'काय असेल तो भाव लाव' म्हणून सुरमई उचलणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. माझा भाचाही तिथं तसं करत नाही. पापलेटाच्या जोडीमागे वीस रुपयांसाठी तो दहा मिनिटं उभा राहतो. २१४ ची लिमिट ऑर्डर, म्हणजे २१४ पेक्षा जास्त देणार नाही अशी, टाकली असती तर त्या दिवशी त्याला एकही शेअर मिळाला नसता, आणि तेच त्याला नको होतं. मिळालाच पाहिजे, ही घाई त्याच्या ऑर्डरच्या प्रकारातच उतरली होती.

सगळे मिळून ७०० शेअर, १,६३,६८७ रुपये ५० पैसे. सरासरी २३३ रुपये ८४ पैसे. शिवाय एक दशांश टक्का एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), म्हणजे १६४ रुपये, आणि वर मुद्रांक शुल्क, पण ते सोडून देऊ. फंडाच्या भावापेक्षा भाच्याची खरेदी शेअरमागे २८ रुपये ४४ पैसे महाग, म्हणजे जवळजवळ १४ टक्के. बुधवारी बाजार बंद होताना भाव २१९.३० होता. शेअर गुरुवारी त्याच्या डीमॅटमध्ये आले. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून सगळेच शेअर व्यवहारानंतरच्या लगेच पुढच्या कामाच्या दिवशी जमा होतात, त्यामुळे पस्तावायलाही पूर्वीसारखा वेळ मिळत नाही.

लाल चौकटीबाहेरची ओळ

रविवारी भाचा घरी आला तेव्हा मी त्याला एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरची अख्खी यादी उघडून दाखवली. चित्र कापणाऱ्यानं फक्त खरेदीची ओळ ठेवली होती. त्याच तारखेला, त्याच कंपनीच्या नावापुढे आणखी एक ओळ होती: एका खासगी गुंतवणूक निधीची विक्री, ९,२०,००० शेअर, सरासरी २०५.३८.

बल्क डील म्हणजे काय, याचा नियम साधा आहे. एकाच गुंतवणूकदारानं एका दिवसात कंपनीच्या नोंदलेल्या शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरचा व्यवहार केला, की त्याचं नाव, संख्या आणि सरासरी भाव त्याच दिवशी जाहीर होतो. आपल्या कंपनीत अर्धा टक्का म्हणजे तीन लाख शेअर. घेणारा असो की विकणारा, नियम दोघांनाही सारखाच. पण विक्रीच्या ओळीची चित्रं सहसा कुणी फिरवत नाही.

दोन ओळी शेजारी ठेवल्या की मंगळवारी साडेअकराला काय झालं याचा अंदाज बांधता येतो. फंडाला माल हवा होता आणि निधीला विकायचा होता. लाख-सव्वा लाखाच्या रोजच्या उलाढालीत नऊ लाख शेअर गुपचूप उचलणं अशक्य, म्हणजे दोन्हीकडच्या ब्रोकरांच्या डीलरांनी आधी बोलून भाव ठरवला असणार. मग मोठ्या सौद्यांसाठी राखलेल्या ब्लॉक डीलच्या खास खिडकीतून का नाही केलं? ती खिडकी सकाळी पावणेनऊ ते नऊ आणि दुपारी २.०५ ते २.२० उघडते. तेव्हाच्या नियमानं व्यवहार किमान १० कोटींचा हवा, आणि भाव संदर्भ भावाच्या वर-खाली १ टक्क्याच्या आत. साडेअठरा कोटींचा व्यवहार रकमेत बसत होता. पण सकाळच्या खिडकीला संदर्भ आदल्या दिवसाच्या बंद भावाचा, आणि २०८ च्या १ टक्का खाली म्हणजे २०५.९२. ठरलेला भाव ५२ पैशांनी त्याच्या बाहेर पडत होता. म्हणून चालू बाजारातच उरकलं, असा माझा तर्क. (बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं ऑक्टोबर २०२५ च्या परिपत्रकात ती मर्यादा ३ टक्के केली, पण किमान रक्कमही २५ कोटींवर नेली. आजच्या नियमात भाव बसला असता आणि रक्कम आडवी आली असती.)

चालू बाजारात दोघांनी ठरवून ऑर्डरी टाकल्या तरी मधल्या रांगेतल्या लोकांना डावलता येत नाही. २०५.४० पेक्षा जास्त भाव द्यायला जे आधीच उभे होते त्यांचा हक्क आधीचा. त्यांची भूक भागेपर्यंत भाव सकाळभर उतरत राहिला. विक्री ९ लाख २० हजारांची आणि खरेदी ९ लाखांची, हा २० हजारांचा फरकही त्याच रांगेतल्या इतर लोकांच्या पदरात गेला असावा.

थोडक्यात, २०५.४० हा घाऊक भाव होता. अख्खी बाग कराराने घेणारा व्यापारी ज्या भावाला आंबा घेतो, त्या भावाला दापोलीच्या नाक्यावर पेटी मिळत नाही. तो भाव 'आंबा स्वस्त झाला' असं सांगत नसतो. मालकाला रोख रकमेची गरज होती आणि व्यापाऱ्याला एकगठ्ठा माल हवा होता, एवढंच तो सांगतो. हे भाच्याला मी सांगावं लागलं, याची मला गंमत वाटली. तो स्वतः दोन वर्षांपूर्वी खालची बाग कराराने देऊन बसला होता.

विकणारा कोण होता

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथं आहे, आणि तो मलाही रविवारपर्यंत दिसला नव्हता.

प्रत्येक कंपनी तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारकांचा तक्ता एक्स्चेंजकडे देते. त्यात १ टक्का किंवा जास्त शेअर असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावं येतात. लोक त्यात मोठ्या गुंतवणूकदारांची नावं शोधतात. राकेश झुनझुनवाला हयात असताना अनेकजण त्यांच्या नावासाठीच हा तक्ता उघडत. एखाद्याचा वाटा १ टक्क्याच्या खाली आला की नाव गळतं आणि लोक धरून चालतात की त्यानं सगळं विकलं. असो. मार्चअखेरच्या तक्त्यात आपल्या विकणाऱ्या निधीचा वाटा होता ६.८ टक्के, म्हणजे ४० लाख ८० हजार शेअर. असले निधी ठरावीक मुदतीचे असतात. मुदत सरत आली की आत पैसे घातलेल्यांना परत द्यावे लागतात, कंपनी कितीही आवडती असो. हा निधी जुना होता, म्हणजे तो बाहेर पडणाऱ्यांपैकी.

९ लाख २० हजार विकून त्याच्याकडे उरले ३१ लाख ६० हजार. रोजच्या उलाढालीनं हा सव्वीस-सत्तावीस दिवसांचा माल. ५ टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्यानं आपल्या वाट्यात २ टक्क्यांहून जास्त बदल केला तर त्याला दोन कामाच्या दिवसांत वेगळं जाहीर करावं लागतं. इथं बदल झाला होता दीड टक्क्याचा. म्हणून वेगळी घोषणा नव्हती. या विक्रीची खूण सापडण्याची जागा तेवढीच, यादीतली ती दुसरी ओळ, आणि तीच कापली गेली होती.

घेणाऱ्याचं काय? म्युच्युअल फंड महिना संपल्यावर दहा दिवसांत आपल्या योजनांचा ताळा, म्हणजे कुठल्या योजनेत कुठले किती शेअर आहेत ते, जाहीर करतात. दहा जुलैच्या सुमारास मी तो बघितला. ती योजना साधारण चार हजार कोटींची, त्यात ही खरेदी साडेअठरा कोटींची, म्हणजे अर्धा टक्काही नाही. भाच्यानं हातातल्या पैशाचा पासष्ट टक्के भाग ज्याच्या मागे लावला, ते त्या फंडाच्या लेखी पन्नास-साठ नावांमधलं एक लहान नाव होतं. चुकलं तर योजनेच्या एनएव्हीवर, म्हणजे एका युनिटच्या किमतीवर, ओरखडाही उठला नसता.

"म्हणजे फंडाला कंपनी आवडलीच नव्हती का, मामा?"

आवडली होती. म्हणून तर घेतली. पण कुठल्या भावाला आवडली, हा त्या आवडीचाच भाग असतो, आणि चित्र पसरवणारे तेवढाच भाग गाळतात. २३१ ला फंडानं एकही शेअर घेतल्याची खूण मला सापडली नाही. त्याला घाई नव्हती, कारण समोरच्याकडे अजून ३१ लाख पडून आहेत हे त्याला आपल्यापेक्षा आधी ठाऊक असणार.

पुढच्या चार महिन्यांत तसंच घडलं. जुलैत निधीनं आणखी विकलं, बदल २ टक्क्यांवर गेला आणि या वेळी घोषणा आली. भाव दोनशेच्या खाली घसरला. ऑक्टोबरमध्ये आलेल्या सप्टेंबरअखेरच्या तक्त्यात निधीचा वाटा १.९ टक्के उरला होता. त्याच सुमारास फंडाच्या ताळ्यात ९ लाखांचे १४ लाख शेअर झालेले दिसले. म्हणजे फंडानं खालच्या भावाला आणखी घेतलं. तिथं मला एक गोष्ट मान्य करावी लागली. मी जूनमध्ये भाच्याला म्हणालो होतो की फंडाचं नाव बघून काहीच कळत नाही. ते खरं नव्हतं. फंडाला कंपनी हवी होती, हे त्या ओळीतून खरंच कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की तो किती दिवस थांबायला तयार आहे. आणि माझा भाचा एक रात्र थांबायला तयार नव्हता.

विक्री

जुलैमध्ये २१० ला निम्मे विकून टाक, असं मी सुचवलं होतं. तो म्हणाला, "२३४ आला की सगळेच काढतो." त्याचा स्वतःचा भाव बाजाराला ठाऊक नाही, हे मी बोलून दाखवलं, पण ते त्याला आवडलं नाही. माझीही जुनी पापं त्याला माहीत आहेत. चिपळूणच्या सब-ब्रोकरला फोनवर 'घे' म्हणून सांगायचं आणि भाव किती लागला ते पोस्टानं आलेल्या कागदावर वाचायचं, त्या काळात मीही एक बुडीत कंपनी अकरा वर्षं सांभाळली होती. म्हणून फार ताणलं नाही.

नोव्हेंबरात मोहोराच्या फवारणीचे दिवस आले. औषधवाल्याला रोख द्यायची होती. भाव १८३ च्या आसपास. या वेळी त्यानं ३५० शेअर विकायला काढले, आणि लिमिट ऑर्डर टाकली, १८४ ची. डीमॅटमधून शेअर द्यायला टीपिन नावाचा गुप्त क्रमांक लागतो, तो विसरला होता, त्यात अर्धा तास गेला. तोवर त्याच भावाला दुसऱ्यांच्या ऑर्डरी लागून गेल्या होत्या आणि हा रांगेत त्यांच्या मागे. दिवसभरात १२० शेअर गेले. उरलेली ऑर्डर साडेतीनला बाजार बंद झाल्यावर आपोआप रद्द झाली, कारण ती एका दिवसाचीच असते. दुसऱ्या सकाळी उरलेल्या २३० ची नव्यानं टाकली, ती दुपारपर्यंत १८४ लाच झाली. पैसे त्याच्या पुढच्या दिवशी खात्यात आले, फवारणी वेळेवर झाली.

आधी घेतलेले शेअर आधी विकले असं धरून त्या ३५० शेअरवर १६,४५० रुपयांचा तोटा नोंदला. तो मी त्याच्या विवरणपत्रासाठी लिहून ठेवला. अल्प मुदतीचा तोटा आहे, पुढच्या आठ वर्षांत भांडवली नफ्यातून वळता करता येतो. उरलेले ३५० शेअर अजून त्याच्याकडे आहेत, फंडाच्या सोबतीला.

डीमॅटमधून ज्या दिवशी शेअर बाहेर जातात, त्या प्रत्येक दिवशी डीपीचा (डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेचा) आकार लागतो, मग शेअर एक असो की हजार. विक्री दोन दिवसांत विभागली गेल्यामुळे तो दोनदा लागला. साडेसोळा हजारांच्या तोट्यावर अवाक्षर न काढणारा भाचा त्या दुसऱ्या आकाराच्या पंधरा-वीस रुपयांवरून माझ्या ओटीवर बसून अर्धा तास ब्रोकरच्या नावानं बोटं मोडत होता.